चार फाइली हाताशी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दहावीचे फॉर्म भरून झाले होते, बोर्डाची प्री-लिस्ट आली होती. आमच्या शाळेत ती मुलांना एकेक करून दाखवण्याची पद्धत आहे. स्वतःचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख वाचायची, बरोबर असेल तर सही करायची. मुलं घाईत असतात, न वाचताच पेन उचलतात. एक मुलगी मात्र थांबली. बोट नावावर ठेवून म्हणाली, "टीचर, हे माझं स्पेलिंग नाही."

शेख आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग. तिच्या जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर, अब्बांच्या कुवेतच्या कागदांवर सगळीकडे 'ए' आहे. प्री-लिस्टमध्ये त्या जागी 'ई' आला होता. एका अक्षराने काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरातलं कोणी अजून व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेलं नसावं. आपल्या नावांचं हे दुखणं वाचकांना मी वेगळं सांगायला नको. एकाच घरात मोहम्मद तीन तऱ्हेने लिहिलेला असतो, आधारवर एक, दाखल्यावर दुसरा, रेशन कार्डावर तिसरा.

वाईट याचं वाटलं की ही चूक ऑगस्टमध्येच दुरुस्त झाली होती. तिच्या अम्मीने अर्ज दिला, कागद जोडले, रीतसर मान्यता येऊन जनरल रजिस्टरला नोंद झाली, आणि मी स्वतः संगणकावर नवी यादी केली. मग जुनं स्पेलिंग गेलं कुठून?

माझ्याच हातून गेलं. फॉर्म भरायच्या दिवशी मी एक्सेल उघडलं. समोर 'रीसेंट' ची यादी आली, म्हणजे अलीकडे उघडलेल्या फाइली. सगळ्यात वर असलेली फाइल मी उघडली. आदल्या रात्री एका मुलाची जन्मतारीख ताडून पाहायला मी जुनी यादी उघडली होती, म्हणून तीच वर येऊन बसली होती. एकीचं नाव 'दहावी यादी फायनल', दुसरीचं 'दहावी यादी फायनल नवीन'. त्या अरुंद रकान्यात 'नवीन' हा शब्द कापला गेला होता. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

प्री-लिस्ट दुरुस्तीसाठीच असते, त्यामुळे वेळेत निभावलं. पण ती मुलगी बुजरी असती तर गुणपत्रिकेवर तेच छापून आलं असतं, आणि पुढे प्रतिज्ञापत्र, अर्ज, हेलपाटे. हे डोक्यातून जाईना.

त्या रविवारी मी पोलादपूरला आपाकडे गेले. महाडहून एसटीने जवळच. तिचा मुलगा लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो, तोही घरी आला होता. जेवणं झाली आणि तो लॅपटॉप घेऊन पडवीत बसला. काळी खिडकी, त्यात रंगीत अक्षरं, माउसला हातही न लावता तो एका पानावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता. मी शेजारी बसून पाहत होते. एवढ्या फाइलींतून त्याला हवी ती नेमकी कशी सापडते, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाला, "खाला, मी शोधतच नाही. शोधायची वेळ येऊ देत नाही."

ते ऐकून मी खुर्ची पुढे ओढली.

तो ज्यात लिहीत होता त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. आपल्या विंडोजमधलं नोटपॅड हाही एक टेक्स्ट एडिटरच. त्यात पूर्वी जाड अक्षर नव्हतं, चौकटी नव्हत्या, नुसता मजकूर. प्रोग्राम अशाच साध्या मजकुरात लिहितात. भाच्याचा एडिटर निओव्हिम नावाचा आहे. त्याला प्लगिन जोडता येतात. प्लगिन म्हणजे मिक्सरवर चटणीचं छोटं भांडं बसवावं तसं. मूळ यंत्र तेच, एका कामाची सोय वाढवलेली. त्याने जोडलेल्या प्लगिनचं नाव हार्पून. देवमासे मारायचा दोरी बांधलेला भाला असतो, त्याचं हे नाव. एकदा रुतला की दोरी ओढून मासा जवळ आणायचा. 'द प्राइमेजन' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या मायकेल पॉलसन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने तो बनवला. नेटफ्लिक्स कंपनीत त्याने बरीच वर्षं काम केलं आहे.

हार्पून करतो ते काम ऐकायला इतकं लहान आहे की मी दोनदा विचारून खात्री केली. ज्या फाइलवर काम चाललं आहे ती उघडी असताना एक कळ दाबायची, की ती छोट्या यादीत नोंदली जाते. मग दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक जागेला एक कळ ठरलेली. पहिली कळ दाबली की पहिली फाइल, तिसरी दाबली की तिसरी. जिथे वाचता वाचता सोडली होती त्याच ओळीवर उघडते, पुस्तकात खूण ठेवावी तशी. लॅपटॉप बंद केला तरी यादी राहते. आणि प्रत्येक कामाच्या फोल्डरची यादी वेगळी. कॉलेजच्या प्रोजेक्टची चार पानं घरच्या हिशेबाच्या चार पानांत मिसळत नाहीत. यादी बदलायची असेल तर ती छोट्या खिडकीत उघडते आणि साध्या मजकुरासारखी ओळ खालची वर करता येते, खोडता येते.

"पण संगणक स्वतःच अलीकडच्या फाइली दाखवतो की," मी म्हटलं. मला माझीच चूक टोचत होती.

"खाला, त्याला फक्त एवढंच माहीत की तुम्ही शेवटी काय उघडलं. तुम्हाला काय लागणार ते त्याला कुठून माहीत? ते तुम्हाला माहीत. मग तुम्हीच सांगून ठेवा."

त्याच्या वर्गातली मुलं फाइलचं अर्धं नाव टाइप करून शोधतात. तेही पटकन होतं. पण दर वेळी नाव आठवायचं, टाइप करायचं, समोर आलेल्या पाच-सहा नावांतून डोळ्यांनी निवडायचं. कामातलं लक्ष तेवढ्यात सुटतं. त्याचं म्हणणं, एका वेळच्या कामाला खरं तर चारच फाइली लागतात. शंभर असोत, पण आज, आत्ता, चार. मी मनात माझ्या मोजल्या. दहावीची यादी, हजेरीचा गोषवारा, चालू घटकाचं टाचण, आणि महिन्याच्या या दिवसांत हा लेख. चारच भरल्या.

मीही कळा दाबून पाहिल्या आणि अडकले. काही केल्या ती काळी खिडकी बंद होईना. भाचा हसायला लागला. बाहेर कसं पडायचं ते न कळणं हा या एडिटरचा जगभर चालणारा विनोद आहे म्हणे. एस्केप दाबायचं, मग कोलन, मग क्यू, मग एंटर. मी वहीत लिहून घेतलं. आणखी एक पाहिलं, उर्दू त्यात धड दिसेना, अक्षरं जोडली जाईनात. तेव्हा तुम्ही लगेच निओव्हिम घाला असं मी अजिबात सांगणार नाही. ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं हत्यार आहे.

पण त्या एडिटरच्या घराण्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. निओव्हिम 2014 मध्ये सुरू झाला तो व्हिम नावाच्या जुन्या एडिटरवरून. व्हिम ब्रॅम मोलेनार या डच माणसाने 1991 मध्ये लोकांसाठी खुला केला. फुकट. फक्त एक विनंती, आवडला तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मोलेनार स्वतः तिथल्या किबाले गावात वर्षभर काम करून आले होते. एड्सने आईबाप गेलेली मुलं त्यांनी तिथे पाहिली, आणि परतल्यावर त्यांच्यासाठी संस्था काढली. आजही व्हिम नुसता उघडला की पहिल्याच पडद्यावर त्या मुलांना मदत करण्याची ओळ दिसते. मोलेनार 3 ऑगस्ट 2023 ला वारले. भाच्याला हे माहीत होतं, त्याने तो पडदा मला दाखवलाही. एका माणसाने तीस वर्षं आपल्या मेहनतीचं मोल स्वतःसाठी न मागता यतीम मुलांच्या नावावर लावलं, हे आपाला सांगितलं तर ती भांडी घासता घासता थांबून ऐकत राहिली.

परत महाडला येताना एसटीत मला आमच्या दादीची पिशवी आठवली. दादी म्हणजे माझ्या सासूबाई, मुलांमुळे सगळेच त्यांना दादी म्हणतो. 2005 च्या जुलैतल्या पुरानंतर त्यांनी दाराजवळच्या खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी अडकवली. आत घराचा उतारा, रेशन कार्ड, पासपोर्ट आणि बँकेचं पासबुक. बाकी कागद ट्रंकेत होते, नीट घड्या घालून. मी या घरात आले तेव्हा मला ती पिशवी विचित्र वाटायची, पाहुण्यांसमोर लाजही वाटायची.

2021 साली 21 जुलैला बकरी ईद होती. दुसऱ्या दिवशी, 22 ला, सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूरकडेही कोसळल्या. महाडकरांना तो दिवस सांगायची गरज नाही. आमच्याकडे पाणी चढायला लागलं तेव्हा कुठली ट्रंक, कुठलं कपाट? दादीने चालताना खुंटीवरची पिशवी काढली आणि जिना चढल्या. बस. ट्रंकेतले कागद नंतर चिखलातून काढून दोरीवर वाळवले, त्यातले अर्धे वाचता येत नव्हते. माझा संगणक टेबलाखाली जमिनीवर होता, तो गेलाच.

दादीला शोधावं लागलं नाही, कारण शांत वेळी बसून त्यांनी निवडून ठेवलं होतं. आणि ती पिशवी दादी भरू देत नसत. माझ्या थोरल्याची बारावीची गुणपत्रिका आली तेव्हा ती आत गेली आणि पासबुक बाहेर आलं. पासबुक बँक दुसरं देईल, म्हणाल्या.

तर आता आपल्या घरातल्या संगणकावर हे कसं करायचं ते सांगते. मी स्वतः करून पाहिलेलं आहे. विंडोज असेल तर हव्या त्या फाइलवर राइट क्लिक करा, 'सेंड टू' मध्ये 'डेस्कटॉप (क्रिएट शॉर्टकट)' निवडा. विंडोज 11 मध्ये त्याआधी 'शो मोअर ऑप्शन्स' वर जावं लागतं. डेस्कटॉपवर त्या फाइलचं छोटं चिन्ह येईल. त्या चिन्हावर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज'. तिथे 'शॉर्टकट की' असा एक खाना असतो, त्यात 'नन' लिहिलेलं असतं. खान्यात क्लिक करून नुसता 1 दाबा. तो आपोआप कंट्रोल-ऑल्ट-1 होतो. ओके. झालं. आता संगणकावर काहीही चालू असो, कंट्रोल, ऑल्ट आणि 1 एकदम दाबलं की ती फाइल समोर. दुसरीला 2, तिसरीला 3. चौथीला मात्र 4 देऊ नका. इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-4 ने रुपयाची खूण उमटते, आणि फीचा हिशेब करताना ती लागते. मी चौथीला 5 दिला आहे. आणि चिन्ह डेस्कटॉपवरच राहू द्या, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं की कळ चालत नाही.

एवढंही नको असेल तर वर्ड किंवा एक्सेलच्या 'रीसेंट' यादीत फाइलच्या नावावर माउस नेला की उजवीकडे टाचणीचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की ती फाइल टोचली जाते, दुसऱ्या फाइली आल्या म्हणून खाली सरकत नाही. मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. लागणाऱ्या पीडीएफ तिथे पाठवून तो चॅट वर पिन करून ठेवता येतो. आधार तसा ठेवायचा असेल तर पहिले आठ आकडे झाकलेला मास्क्ड आधार उतरवून घ्या. आणि झेरॉक्सच्या दुकानात किंवा केंद्रावर फाइल उघडून दिलीत तर निघताना ती तिथल्या संगणकावरून खोडायला सांगा. तिथेही 'रीसेंट' ची यादी असते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती दिसते.

माझ्या यजमानांना हे सगळं पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, फाइलींना नीट नावं द्या, तारीख घाला, मग सर्च पुरे, कळा कोण लक्षात ठेवणार? अर्धं खरं आहे. मी उत्साहाच्या भरात आधी नऊ कळा केल्या होत्या, आठवड्यात त्यातल्या पाच विसरले. चारच्या वर जाऊ नये, हे भाच्याने सांगूनही मला स्वतः फजिती झाल्यावर पटलं.

पण यात एक खड्डा आहे, आणि मी त्यात दुसऱ्यांदा पडता पडता वाचले. शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे, फाइलकडे दाखवणारं बोट. कंट्रोल-ऑल्ट-1 ला मी दहावीची यादी दिली. जानेवारीत दुरुस्त्या करून सवयीने ती नव्या नावाने सेव्ह केली, 'फायनल नवीन 2'. दुसऱ्या दिवशी कळ दाबली तर उघडली कोणती? जुनी. बोट अजून जुन्या घराकडेच दाखवत होतं. 'रीसेंट' वर मी निदान संशय तरी घेतला असता. स्वतः निवडलेल्या कळेवर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो, म्हणून इथली चूक जास्त महागात पडली असती.

तेव्हापासून मी 'नवीन', 'फायनल', 'फायनल 2' हे प्रकार बंद केले आहेत. चालू यादीचं नाव कायम एकच, 'दहावी यादी'. बदल करण्याआधी तिची एक प्रत काढून तारीख घालून 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. जिवंत फाइल एकच, ती आपल्या जागेवर, कळ तिच्याकडे. बाकी सगळ्या जुन्यात. यजमानांची तारीख त्या फोल्डरात उपयोगी पडली, हे त्यांना कबूल केलं आहे.

आणि शॉर्टकट हाताशी आहे म्हणजे फाइल सुरक्षित आहे असं नाही. 2021 ला माझ्या संगणकावरही डेस्कटॉप भरून चिन्हं होती, मशीन बुडालं तसं सगळं बुडालं. पेन ड्राइव्हवर प्रत, शक्य असेल तर गूगल ड्राइव्हवर एक. सरकारी कागदांसाठी 2015 पासून डिजिलॉकर आहे. त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही, हा फरक बरेच जण विसरतात.

शाळेच्या कामांत ऋतू असतात. जूनमध्ये लागणारी फाइल ऑक्टोबरात लागत नाही. मी महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला दुपारनंतर पाच मिनिटं बसते आणि चारही कळा दाबून पाहते. जिचं काम संपलं तिची कळ काढते. एप्रिलमध्ये टाचणाची जागा निकालपत्रकाने घेतली, आता तिथे परत टाचण आहे. कंट्रोल-ऑल्ट-5 वर सध्या हा लेख आहे, तो गेला की ती जागा दोन आठवडे रिकामी राहील.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ती मुलगी पेढे घेऊन शाळेत आली. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका तिने मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरली. मी चष्मा लावून आधी नाव वाचलं, एकेक अक्षर. 'ए' होता. मग तिला म्हटलं, आता सांग, किती मिळाले?